यंदाचा शंख तू वाजव

चि. रुद्रप्पास आशीर्वाद, आईच्या पायांवर डोकं.

मी बरा आहे, जेवणही जातं. खडी क्रशरवर तोंडाला ओला रुमाल बांधतो. पण रुमालात जाड धूळच अडकते. बारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते, रक्तातही उतरते. हे मी स्वतः वाचून समजून घेतलंय, उगाच बोलत न्हाई.

परवा इथल्या देवळातला शंख फुंकून पाहिला. अर्ध्यातच दम तुटला.

तेव्हा कपिलधारच्या यात्रेत आपल्या घरचा शंख यंदा तू वाजव. गाल फुगवू नकोस, पोटातून हवा सोड.

आईचे गुडघे कसे हायेत? तिला सांग, दादाला सुट्टी मिळाली न्हाई. ती म्हणंल, "शंखासाठी त्यानं कधी सुट्टी मागितली व्हय? न सांगताच यायचा की." तेव्हा तू गप्प राहा.

सगळ्यांना जपणारा,
तुझा दादा वीरभद्र