गोळ्या कमी कशा झाल्या

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. हॉटेलच्या लॉन्ड्रीत काम करताना ओल्या चादरींची गाडी माझ्या खांद्यावर कलंडली होती, तो खांदा आता हलतो. आईला एवढंच सांग.

बाकीचं फक्त तुला. डॉक्टरांनी दुखण्यावर कडक गोळ्या दिल्या, सहा तासांनी एक. पण पाकिटातल्या गोळ्या भराभर कमी व्हायला लागल्या. खोलीत आम्ही दोघीच, मी आणि हॉटेलात भांडी घासणारी. तिचं गोड बोलणं मला आधीपासून खटकायचं. मी पाकीट उशीच्या अभ्र्यात लपवलं, तरी गोळ्या कमीच!

काल दुपारी जाग आली, तर ती माझ्यावर वाकलेली. एक हात माझ्या नाकापाशी, दुसऱ्यात पाकीट. मी ओरडले, "चोर कुठली!"

"तुझा श्वास चालतोय का बघतेय गं," ती म्हणाली. "बाराला गोळी घेतलीस, दोनला गुंगीतच उठून परत घेतलीस. वर सर्दीची गोळी!"

मला पटेना. तिने मला औषधवालीकडे नेलं. औषधवालीने दोन्ही पाकिटं वाचून दाखवली. तापाचं औषध दोन्हींत होतं, ते जास्त झालं की लिव्हर बिघडतं. आणि दुखण्याच्या गोळीतलं कडक औषध जास्त झालं, तर झोपेतच श्वास थांबू शकतो. तिने तडक दवाखान्यात पाठवलं. रक्त तपासलं, ठीक आहे.

आता पाकीट भांडीवालीकडे असतं. मी माफी मागितली, ती अजून फुगलेली आहे.

ताई, तू गुडघ्यासाठी कुठल्या गोळ्या घेतेस? किती? नुसतं "बरी आहे" लिहू नकोस. मागच्या पत्रात मीही तेवढंच लिहिलं होतं.

तुझीच,
धाकटी