नळी निघाल्याची बातमी

४ मार्च

ऑपरेशन पाच तास चाललं. नात साडेतीन महिन्यांची, हृदय अक्रोडाएवढं. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "छिद्र बुजवण्यात आलं आहे. व्हेंटिलेटरवर ठेवण्यात आलं आहे." सगळा कर्मणी प्रयोग! कर्ता फरार. उद्या काही बिनसलं तर धरायचं कुणाला?

५ मार्च

आत एका वेळी एकच माणूस, दहा मिनिटं, कोपरापर्यंत हात धुऊन. मुलगी जाते. जावईबापू काचेच्या दारापर्यंत जातात, चप्पल काढतात, पुन्हा घालतात. "मला नाही बघवत, बाबा."

न बघवायला काय झालं? पोटची पोर आहे तुझी! बाप म्हणवतोस आणि दाराशी पाय गळतात? — हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने विचारलं, "चहा घेता?" निर्भीड पत्रकारिता म्हणतात ती हीच.

६ मार्च

घरच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ वार्तापत्र पाठवतोय. ताप, रक्तदाब, लघवी किती झाली. मावशीने विचारलं, चेहरा कसा दिसतो? लिहिलं: टवटवीत, ओठ गुलाबी. सिस्टर तसं म्हणाली होती.

७ मार्च

सकाळी सिस्टर घाईत बोलून गेली, "आज नळी काढायचीय." साडेनऊला मी कळवून टाकलं — नळी निघाली, बाळ स्वतः श्वास घेतंय. तीस वर्षांची खोड! सभा सुरू व्हायच्या आत सभेची बातमी पाठवायची. भाषण तेच असतं, अडतं कुठे?

आज अडलं. फुप्फुसात पाणी झालं. नळी काढलीच नाही, उलट मशीनचा जोर वाढवला. आणि तेवढ्यात मुलीच्या फोनवर अभिनंदनं! तिचा मामा विचारतो, घरी कधी आणताय?

तिने फोन बाकावर आपटला.

"कुणी सांगितलं तुम्हाला, बाबा?"

"अगं, सिस्टर म्हणाली..."

"सिस्टर म्हणाली! टवटवीत म्हणे! चेहरा एवढा सुजलाय की माझी मला ओळखू येत नाही. चार दिवसांत एकदा तरी आत आलात का तुम्ही?"

जावई जमिनीकडे बघत होता. शहाणा माणूस.

८ मार्च

मुलगी बोलत नाही. सर्जनचा राग येतो, सिस्टरचा येतो, त्या मशीनच्या टीं-टींचा येतो. मामाचा तर फारच! जावयाचा मात्र आज आणता आला नाही. त्याने चार शब्दांत खरं सांगितलं होतं. मी तेच लपवायला रोज दोनशे शब्द खर्च केले.

घटनास्थळी न जाता लिहिणाऱ्या पोरांना ऑफिसात किती झापलंय मी! मेल्या, लाज कशी नाही वाटत तुला? — हे स्वतःला.

९ मार्च

नळी अजून आहे. डॉक्टर म्हणतात, "बघू." ग्रुपवर काही लिहिलं नाही.

११ मार्च

दुपारी जावई आतून बाहेर आला — आतून! शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. "जा, बाबा. जाम चिडलीये."

गेलो. नळी काढली होती. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, तोंड वासून ओरडत होती — आवाज मात्र नाही. नळीने घसा बसलाय, येईल दोन दिवसांत, असं सिस्टर म्हणाली. इतका संताप मी जन्मात पाहिला नव्हता. दहा मिनिटं पुरली नाहीत.