दीडशे पत्रिका आणि एक हात

४ ऑक्टोबर
वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये तिसऱ्यांदा जाऊन आलो. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधल्या नाटकांच्या कार्यक्रमपत्रिका! नामी चित्रकार दगडावर चित्र काढायचे, त्यावरून छापायचे. नाटकं लोक विसरले, पत्रिका फ्रेममध्ये! इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाची पत्रिका मी अशीच छापणार. लिथोग्राफीचा, म्हणजे या दगडी छपाईचा, क्लास उगाच नाही लावला.

येताना गाडीत कांचनला सगळं समजावलं — खडू तेलकट असतो, दगडाला तेल लागेल तिथेच शाई धरते. ती फोनवर चकलीची भाजणी ऑर्डर करत होती. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. वाईट वाटतं.

९ ऑक्टोबर
मंडळाचा अध्यक्ष अतुल — "बाळकाका, स्पॉन्सर्सचे लोगो? घरं विकणाऱ्या रिअल्टरचा फोटो मस्ट आहे!" म्हटलं, सगळं मागच्या पानावर. पुढे फक्त चित्र.
नाटक कांचननं बसवलंय. घरी तिनं विचारलं, "आणि दिग्दर्शिकेचं नाव?"
"चित्रात नाव बसत नाही गं. मागे टाकतो, बारीक अक्षरात."
"रिअल्टरच्या खाली?" म्हणाली आणि सोऱ्या शोधायला गेली.

१७ ऑक्टोबर
दगड घरी आणला. कंबर गेली! डायनिंग टेबलवरच चित्र काढलं — एक खुर्ची, पडदा, वर भरपूर मोकळी जागा. झकास. "छान," कांचन म्हणाली. चकल्या तळता तळता. मागे वळूनसुद्धा न बघता!

१८ ऑक्टोबर
सत्यानाश!! क्लासच्या स्टुडिओत पहिली प्रत काढली आणि मोकळ्या जागेत काळा कुळकुळीत पंजा! वाकड्या करंगळीसकट — म्हणजे कुणाचा ते उघड आहे. स्टुडिओ फक्त आजच मिळालेला, आता वेळ कुठला? दातओठ खात दीडशे छापल्या.
घरी येऊन कांचनवर ओरडलो. "अगंबाई, लागला वाटतं," एवढंच.

१ नोव्हेंबर
नाटक झालं. दुसऱ्या अंकात दारच उघडेना, नायक खिडकीतून आला, खिडकी पडली. पण पत्रिका! एकही खुर्चीखाली पडलेली नाही. अतुलची मुलगी नीना दोन मागून घेऊन गेली — "काका, that hand is so cool!" अतुलनं विचारलं, "हाताची आयडिया तुमची?"
मी हो म्हणालो. लाज वाटली, पण म्हणालो.

२ नोव्हेंबर
सकाळी चहा घेताना कांचनजवळ कबूल केलं. ती खो खो हसली.
"नाव बसत नव्हतं ना? मग हात ठेवला. चांगला दाबून! तेल लागेल तिथे शाई धरते — तुम्हीच नाही का सांगितलंत, गाडीत?"