गाडी सावलीत लावताना

३ एप्रिल

झालं एकदाचं! गाडीला सिरॅमिक कोटिंग. निळा रंग असा चकाकतोय की बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा. पाडायला केस उरलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

किल्ली देताना कोटिंगवाल्याने सूचनांचा भडिमार केला. पहिला आठवडा पाणी लावू नका. उन्हात उभी करू नका. "कोटिंग म्हणजे चिलखत नाही साहेब. ऊन त्याला हळूहळू खातंच." इतक्या सूचना मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातूनही मिळाल्या नव्हत्या.

ही म्हणाली, "आता बसायचं का त्यात, की नुसतं बघायचं?"

५ एप्रिल

माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर एकच झाड. आणि त्याची सावली एका जागी थांबेल तर शपथ! सकाळी पलीकडे, दुपारी शिंप्याच्या दारात, चारनंतर गल्लीच्या तोंडाशी. मी तिच्या मागे मागे. गिऱ्हाईक अक्षरं वाचतंय — "प... ट... म..." — आणि मी बाहेर गाडी मागे घेतोय. परत आलो तर बिचारं अजून एक डोळा झाकून बसलेलं!

शिंप्याने माझं नाव 'सूर्यफूल' ठेवलंय. म्हटलं, अहो, सूर्यफूल उन्हाकडे तोंड करतं, मी पाठ फिरवतो. गल्ली हसली. मीही हसलो, आणि गाडी हलवली.

८ एप्रिल

हिने विचारलं, "दुपारच्या फेरीला गाडी नेऊ का?" ही लॅबमध्ये आहे. घरोघरी जाऊन लोकांचं रक्त गोळा करते, स्कूटरवर. डब्यातला बर्फ टिकत नाही म्हणे. "आणि मीही टिकत नाही हल्ली."

गाडी घेतली तेव्हा 'तुझ्या कामाला होईल' असं मीच म्हणालो होतो. ही माझ्यापेक्षा चालवतेही चांगली. पण आज तोंडातून काय निघावं? "अगं, तू दारोदार जाणार. प्रत्येक ठिकाणी सावली कुठून आणायची?"

"मला?"

"गाडीला."

हिने स्कूटरची किल्ली उचलली. नंतर मलाच कसंतरी वाटलं, म्हणून स्कूटरच्या तापलेल्या सीटवर टाकायला जुना टॉवेल दिला. दानशूर माणूस!

११ एप्रिल

झाड म्हटलं की पक्षी आले. पक्षी म्हटलं की — बॉनेटच्या बरोब्बर मधोमध! अगदी नेम धरून. भर दुपारी बादली घेऊन धावलो आणि त्या भरात अख्खी गाडी धुऊन काढली. पाणी पडलं तिथे वाळलं. गाडीभर पांढरे ठिपके! गोवर आल्यासारखी दिसतेय.

कोटिंगवाल्याला फोन. "तापलेल्या पत्र्यावर पाणी ओतलंत? साहेब, शिकलेसवरलेले ना तुम्ही?"

म्हटलं, थोडासा.

१२ एप्रिल

ठिपके गेले. उजवा खांदाही गेला.

१४ एप्रिल

कव्हर आणलं. चांदीसारखं चमकणारं, चारी बाजूंनी दोऱ्या. आता ऊन, पक्षी, सगळ्यांची तोंडं बंद! सकाळी मोठ्या ऐटीत घातलं. दिवसभर वारा होता, कव्हर फडफडत होतं, मी दुकानात बसून कौतुकाने बघत होतो. संध्याकाळी काढलं तर छपरावर बारीक रेघाच रेघा. कव्हरखाली धूळ तशीच होती ना! दिवसभर वाऱ्याने माझ्याच गाडीला माझ्याच कव्हरने पॉलिशपेपर मारला, आणि मी बघत बसलो.

हिला सांगितलं तर पोट धरून हसली. जेवताना आठवून पुन्हा हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली.

१६ एप्रिल

दुपारी ही दुकानात आली. घामाने डबडबलेली, रक्ताचा डबा हातात. पंख्याखाली बसली. म्हणाली, "चष्मा घासतोय हो. इथे खाली, गालावर. तीच तीच खपली धरते नि निघते."

चष्मा घेतला, दांडी जराशी वाकवली, परत दिला. तेवढ्यात सावली शिंप्याच्या दाराकडे सरकायला लागलेली दिसली — धावलो. परत आलो तर ही गेलेली. पाण्याचा पेला अर्धा तसाच.

२० एप्रिल

आज लिहायला नको वाटतंय. लिहितो तरी.

सकाळी त्वचेच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, नवा चष्मा न्यायला. त्यांना मी उन्हावर व्याख्यान देत होतो! रंगात आलो होतो. ऊन कसं दिसत नाही पण आत शिरतं, काच कशी चांगली घ्यावी, गाडीच्या रंगाचं काय होतं. त्या हसून ऐकत होत्या. तेवढ्यात ही आली. "अजून घासतोय हो."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवली. हसू गेलं त्यांचं. हिला उजेडात नेलं, चष्मा काढायला लावला, गाल बोटाने ताणून बघितला. "किती दिवस आहे हे?"

"असेल... हिवाळ्यापासून."

"चष्म्याने असं होत नाही."

हिवाळ्यापासून! ज्या चेहऱ्यावर मी स्वतःच्या हाताने चष्मा बसवला, माप घेतलं, नाक, कान, डोळ्यांमधलं अंतर — त्या चेहऱ्यावर. छपरावरची तिसरी रेघ मला डोळे मिटून दाखवता येईल. हे दिसलं नाही. लोकांचे डोळे तपासून पोट भरतो मी!

तुकडा काढून तपासायला पाठवायचा, म्हणाल्या. वाईटच असेल असं नाही, पण बघायलाच हवं.

२२ एप्रिल

तुकडा काढला. हिला आत नेलं नि मी बाहेर बाकावर. समोर खिडकी. खिडकीतून गाडी दिसत होती, आणि तिच्यावरची सावली सरकत होती. बॉनेटवरून ऊन वर चढायला लागलं — आणि माझा हात खिशात किल्लीकडे गेला! बायको आत, तिच्या गालावर सुरी, आणि माझा हात किल्लीकडे. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते म्हणून राहिली.

बसून राहिलो. ऊन काचेपर्यंत गेलं.

ही पट्टी लावून बाहेर आली. पहिलं काय विचारावं? "गाडी उन्हात आहे का हो?"

म्हटलं, असू दे.

२३ एप्रिल

म्हटलं, रजा घे. नको म्हणते. घरी बसले तर डोकं फुटेल, म्हणते. मग म्हटलं, गाडी ने. तर म्हणे, पट्टीमुळे चष्मा बसत नाही, लांबचं दिसणार कसं?

उद्यापासून मी ड्रायव्हर.

२५ एप्रिल

सकाळी सहापासून दारोदार. ही डबा घेऊन आत जाते, मी बाहेर उभा. कुठे सावली आहे, कुठे नाही. एके ठिकाणी सावली होती, पण तिथून फाटकापर्यंत बरंच चालावं लागलं असतं. गाडी उन्हात, फाटकाला चिकटून लावली. हिने बघितलं, नि डबा उचलून आत गेली.

या बाईला किती लोक ओळखतात! एका आजोबांनी मला विचारलं, "तुम्ही नवीन ड्रायव्हर का? बाईंना जपून न्या. सुई टोचली ते कळतसुद्धा नाही, असा हात आहे." म्हटलं, हो आजोबा.

दुकान अकराला उघडतो. शिंपी गिऱ्हाइकांना सांगतो, मालक फिरतीवर आहेत.

२६ एप्रिल

रिपोर्ट नाही.

२८ एप्रिल

रिपोर्ट नाही. रात्री ही कुशीवर वळून म्हणाली, "समजा असलंच काही तर?" मी लगेच सुरू झालो, हल्ली उपाय खूप निघालेत, अमुक आहे, तमुक आहे. ही म्हणाली, "व्याख्यान नको. भीती वाटते का तेवढं सांगा."

वाटते, म्हटलं. खूप वाटते.

"मग बरं," म्हणाली, नि झोपली. मी नाही.

३० एप्रिल

आहे. पण वरवरचं आहे, खोल गेलेलं नाही. सोमवारी काढतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, काढलं की पुढे बहुतेक काही करावं लागत नाही. हिने दोनदा विचारून घेतलं. मी चारदा.

दवाखान्यातून बाहेर पडलो. चारचं ऊन. हिने पदर डोक्यावर घेतला, मी उन्हाच्या बाजूने चालायला लागलो, माझी सावली तिच्या गालावर पडेल असा. असेच चालत राहिलो. सोमवारी मुलीला बोलवायचं का, स्वयंपाकाचं काय, असं काहीबाही बोलत. मध्येच ही रडली थोडी. मीही. घर आलं.

कुलूप काढायला खिशात हात घातला तर हातात गाडीची किल्ली — गाडी दवाखान्यासमोर, उन्हातच.