चिमूटभर नान

प्रिय मुअत्तर,

फोनवरच बोललो असतो, पण आपल्याकडे माझा फोन आला की आई तो दस्तरखानाच्या मधोमध ठेवते आणि अख्खी गल्ली ऐकते. म्हणून माझ्यासोबत काम करणाऱ्या तोल्कीनच्या हाती हे पत्र देतोय. तो सुट्टीवर आपल्या उर्गुतला येतोय. नववीतून पळालेल्या माणसाचं अक्षर आहे, थोरल्या भावाचं म्हणून गोड मानून घे. चुका लाल पेननं काढ, घरातली मास्तरीण तूच होणार आहेस. म्हणजे होणार होतीस. आई सांगत होती की दोन महिने तू कॉलेजला गेली नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडून असतेस. "अगदी तुझ्यासारखी घुमी झालीय बघ," असं म्हणाली. त्या 'तुझ्यासारखी'पाशी मी आठवडाभर अडकून बसलोय.

तेव्हा आधी माझंच सांगतो. घरी कुणाला ठाऊक नाही हे. मी एका जागी टिकत नाही हे तुला माहीतच आहे. इकडे रशियात, कझानला येऊन तीन कामं सोडली, चौथं फरशा बसवायचं. त्यात मन रमलं आणि नेमका तेव्हाच अंगातला जीव गेला. पोट फुगायचं, खाल्लेलं ठरायचं नाही, दोन जिने चढलो की धाप. तेही सोसलं असतं गं. सोसवत नव्हतं ते मन. सकाळी एक बूट घालायचो आणि दुसरा कशासाठी घालायचा तेच कळायचं नाही. मुकादम विचारायचा, "समरकंदचे सुलतान उठले का, की घोडा पाठवू?" बाकीचे हसायचे. मला हसू यायचं नाही आणि रागही यायचा नाही. एकदा नवव्या मजल्यावर, कठडा नसलेल्या बाल्कनीत मी नको तितका वेळ उभा राहिलो. तोल्कीननं मागून कॉलर धरली आणि म्हणाला, "चल खाली, ओशचा भात गार होतोय." त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं कामाला दांडी मारून मला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर वेनेरा इल्दारोव्ना, तातार बाई, आईच्याच वयाच्या. आवाज असा की मेंढीबाजारात उभ्या केल्या तर कळप विकून येतील. त्यांनी नळी घालून आतडं पाहिलं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते म्हणे, अन्न तीच शोषून घेते. माझी झिजून सपाट झाली होती, आणि झिजवली होती गव्हानं. सिलिअॅक म्हणतात या आजाराला. जन्मभर गहू बंद. वर मनाच्या डॉक्टरांसाठीही चिठ्ठी दिली. मी म्हणालो, मी काय वेडा आहे? त्या म्हणाल्या, "पाय मोडला असता तर प्लास्टर घातलंसच असतंस ना? मग गप जा."

मी गेलो. गोळ्या घेतल्या. भात, बटाटे, मांस यांवर वर्ष काढलं. सोम्सा नाही, लगमानच्या शेवया नाहीत, नवरोजला गव्हांकुरांच्या सुमलाकचं बोटही चाटलं नाही. वर्षानं पुन्हा नळी घातली, तर लव होती तशीच सपाट. बाई म्हणाल्या, "लपूनछपून काय खातोस?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काही नाही. आणि मी खोटं बोलत नव्हतो. शेजारी बसलेल्या तोल्कीनलाच राहवलं नाही. "आणि आईचा नान रे?" आई येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीतून नान पाठवते ना, त्यातला चिमूटभर मोडून मी रोज सकाळी तोंडात टाकायचो. नानला तोंड लावल्याशिवाय आपल्यात कुणी उंबरठा ओलांडतं का? माझ्या लेखी तो गहू नव्हताच, आईचा आशीर्वाद होता. बाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आशीर्वाद कपाळाला लाव, बाळा. पोटात घालू नकोस."

तेव्हापासून आईचा नान मी कपाळाला लावून तोल्कीनला देतो. त्याची ढेरी बघशीलच, तो सगळा आईचा आशीर्वाद आहे. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा नळी घातली. लव उगवलीय, मुअत्तर. सगळी नाही, पण बाई स्वतः हसल्या. मनाचं मात्र वेगळं असतं हे शिकलो. पोट सावरलं म्हणून ते लगेच उठून बसत नाही. कधी पोटाच्या पुढं धावतं, कधी मागं बसून राहतं. अजूनही एखादा आठवडा वाईट येतो. पण आता तो आला तसा जाणार हे मला माहीत असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आईनं सांगितलेले तुझे गळणारे केस, जेवण झालं की पोटावर घट्ट धरलेली उशी, ईदच्या फोटोतले ते पांढरे ओठ, हे सगळं मी ओळखतो. आई हरमलची धुरी देत असेल तर देऊ दे, पण तुला नजर लागलेली नाही, तू आळशीही नाहीस. बाई म्हणतात, हा आजार सख्ख्या भावंडांत निघू शकतो. तुला असेलच असं नाही, पण रक्त तपासायलाच हवं. एक गोष्ट नीट ऐक. हे वाचून नान सोडशील, तर तसं करू नकोस. तपासणीआधी गहू सोडला तर रक्तात आजार सापडत नाही. मी, तुझा थोरला अका, ज्याला नाननं आडवा केला, तोच सांगतोय की रक्त देईपर्यंत रोज खा. बारा मार्चला मी येतोय, तेराला सकाळी आपण दोघं समरकंदला जाऊ. आजाराचं नाव आईला मी सांगीन, ते तुझ्यावर नाही. ती रडेल, शेजारीण म्हणेल पोरगा परमुलखात बिघडला. बोलू दे. आणि तोवर भिंतीकडे बघून नको ते विचार आले, तर अंगणात जाऊन मला फोन लाव. मी वरच्या मजल्यावर असलो, हात सिमेंटनं भरलेले असले, तरी उचलीन. तू फक्त तेरापर्यंत थांब.

तुझाच,
एल्मुरोद अका