सहीच्या जागी

लास वेगास,
१५ नोव्हेंबर

प्रिय ओडील,

तुझं पत्र मिळालं. लुइझियानात थंडी सुरू झाली, तुझा गुडघा बरा आहे आणि फादरांची प्रवचनं अजून तेवढीच लांब आहेत, हे वाचून बरं वाटलं. इथलं ऊनही आता जरा माणसांत आलंय. मी ठीक आहे.

हे पत्रही टाइप केलेलं बघून तू चिडशील, माहीत आहे मला. टाइप केलेलं पत्र घरमालकाला पाठवायचं, बहिणीला नाही, असं शाळेत सिस्टर अँब्रोज म्हणायच्या. मागच्या वेळी मी पेन बिघडल्याचं कळवलं, त्याआधी चष्म्याचं कारण दिलं. त्यावर तू लिहिलंस, "लाली, वेगासमध्ये पेनं विकत मिळत नाहीत का?" मिळतात गं. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी बातमी.

माझं मत अडकलं. टपालाने पाठवलं होतं, पण पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळत नाही, अशी निवडणूक कचेरीची चिठ्ठी आली. सोमवारी पाचच्या आत कचेरीत येऊन ओळख पटवा, नाहीतर मत रद्द. मोजणी अजून चालूच आहे आणि आमच्या भागात दोघा उमेदवारांमध्ये एवढासा फरक उरलाय, की रेडिओवर दुसरा विषय नाही.

माझी सही जुळत नाही! मनगट टेकलं की सिस्टर पट्टी मारायच्या, त्या वर्गातून निघालेली सही. मी ती चिठ्ठी पावाच्या डब्याखाली सरकवली आणि दोन दिवस तिकडे फिरकलेच नाही.

आई सारखी आठवत होती. आपल्या वह्यांवरून गिरवत ती स्वयंपाकघरात बसून लिहायला शिकली, आणि टोपी घालून मतदारयादीत नाव नोंदवायला कोर्टात गेली. तू तिच्यासोबत होतीस, मी लहान म्हणून घरी. तूच येऊन सांगितलंस. नोंदणीच्या टेबलावरच्या त्या गोऱ्या माणसाने तिला स्वतःचं वय वर्षं, महिने, दिवस मोजून लिहायला लावलं. तेही तिने बरोबर लिहिलं. मग एका अक्षराचं शेपूट आखूड आहे म्हणून त्याने कागद फाडला आणि म्हणाला, "एवढे कष्ट कशाला घेतेस? नावाच्या जागी फुली घाल. मी तीही नापासच करीन." पुढे कायदा बदलला, वॉशिंग्टनहून आलेला साहेब स्वतः म्हणाला की फुली चालेल, तरी आईने अख्खं फिलोमेन ऑगस्टीन गिड्री लिहिलं. मागची रांग खोळंबली. घरी आल्यावर म्हणाली, "आपल्या घरात कुणी फुली घालायची नाही."

काल शेवटचा दिवस. गाडी मी वसंतातच विकली. विमा महागला म्हणून, असं तुला कळवलं होतं. फाटकाशी टॅक्सीची वाट बघत होते, तर शेजारचे मिस्टर प्रुइट गाडी काढत होते. त्यांच्या अंगणात दुसऱ्या पक्षाची पाटी आहे, त्यामुळे आमचं बोलणं कचऱ्याच्या डब्यांपुरतंच. कुठे निघालात, विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या माणसाला पाडायला." ते म्हणाले, "बसा. वाटेतच आहे."

कचेरीतली मुलगी गोड होती. तिने पडद्यावर माझी जुनी सही दाखवली. लग्नानंतर इथे आले तेव्हाची. किती सुंदर होती गं. मग कागद पुढे करून म्हणाली, इथे करा. केली. पुन्हा करा. तिसऱ्यांदा केल्यावर तिने तिन्ही सह्या पडद्यावरच्या सहीशी ताडून पाहिल्या. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरात तुमच्यासाठी सही करणारं दुसरं कुणी आहे का?"

ती मीच आहे, एवढंच मला सांगता आलं. ते खोटं बोलल्यासारखं ऐकू आलं.

हात चालत नसेल तर फुली चालते, ती म्हणाली. शेजारी एका साक्षीदाराची सही लागेल. मी उठले आणि भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसले. घड्याळात पाचला फार वेळ नव्हता. तिची वरिष्ठ बाई पेट्या बंद करायला लागली होती.

प्रुइट मला परत न्यायला थांबले होते, ते शेजारी येऊन बसले. ते चाळीस वर्षं कसिनोत पत्ते वाटायचे. "आम्ही तोंडं बघत नाही, हात बघतो," म्हणाले. "तुम्ही वर्षभर झारी दोन्ही हातांनी धरताय. घरी कुणाला सांगितलंय?"

"नाही."

"बहिणीला? तिची पत्रं येतात ना?"

मी घड्याळाकडे बघत राहिले.

"हे बघा, तुमचं मत हरलेलं बघायचंय मला. फुकट गेलेलं नाही."

ओडील, मला आईचा राग आठवत होता, पण तो फुलीवर नव्हताच. तिथे फुली घातली असती तरी तिला मत मिळणार नव्हतं. इथे घातली तरच मला मिळणार होतं.

मी पुन्हा त्या मुलीच्या खिडकीशी गेले. पहिली रेघ तिरकी गेली. दुसरी मध्येच थांबली, आणि तिथली सगळी माणसं माझ्या मनगटाकडे बघत असल्यासारखं वाटलं. मी ते टेबलावर चक्क टेकवलं आणि रेघ पुरी केली. प्रुइटनी शेजारी सही ठोकली. "स्वतःचं मत खोडायला स्वतःच साक्षीदार झालो," म्हणाले. "माझ्या बायकोने घरात घेतलं नसतं." मुलीने शिक्का मारून पाकीट दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवलं. मोजलं जाईल, म्हणाली. पाचला थोडाच अवकाश होता.

तर पेन बिघडलेलं नाही. कंपवात आहे. गेल्या वसंतापासून. गोळ्या चालू आहेत. आता पत्र टाइप करताना अर्धा अर्धा तास एकेक बटण शोधत बसते. तुला सांगितलं की ते खरं होईल, असं वाटायचं.

लगेच फोन करू नकोस. तू रडशील, मग मीही. पत्र लिही, हाताने, आणि अक्षर मोठं काढ. ईस्टरला ये.

खाली सही केली आहे. तुझ्याकडच्या कुठल्याच सहीशी जुळणार नाही. ओळख तू पटवून घे.

तुझीच,

✕