मामाची पट्टी पुन्हा बंद

९ जून
पुन्हा बंद! सकाळीच मामीचा फोन — "पायल, कॉम्प्युटरने काल अपडेट घेतलं आणि पट्टी मुकी झाली गं." पळाले त्यांच्या घरी, धायरीला.

भीमरावमामाला लहानपणापासून दिसत नाही. दोन वर्षांपासून ऐकूही येत नाही. मामी टाइप करते, कॉम्प्युटरला जोडलेल्या पट्टीवर ब्रेलचे ठिपके वर येतात, तो बोटांनी वाचतो आणि तोंडाने उत्तर देतो. एवढंच बोलणं उरलंय दोघांचं. आणि पट्टी आमच्याच कंपनीची!

पोचले तेव्हा मामी त्याच्या तळहातावर अक्षरं गिरवत होती. जेवायला काय करू, एवढंच विचारायचं होतं. वैतागून त्याने हात ओढून घेतला. दुपारपर्यंत पट्टी चालू केली. पुढच्या अपडेटपर्यंत.

११ जून
ऑफिसात श्यामसुंदर सरांशी वाजलं. म्हटलं, पट्टी चालवणारा आपला कोड लिनक्सच्या कर्नलमध्येच देऊन टाकू — मामाचा कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या सगळ्यांना खुल्या प्रणालीच्या गाभ्यातच. तिथे कुणी काही बदललं की आपलाही कोड सोबत बदलतील. बाहेर कुलपात ठेवलाय म्हणून दर वेळी मोडतो.

"आणि उद्या समोरच्या कंपनीने उचलला तर?"

अहो सर, आपण पट्टी विकतो, कोड नाही!

"एवढं काय? तू आहेस ना दुरुस्त करायला."

१२ जून
आणि मी नसले तर? दिवसभर हेच डोक्यात. कीबोर्डवर चहा सांडला. वा!

४ ऑगस्ट
पट्टीचं काम बंद. कंपनी आता फक्त गाड्यांमधली इलेक्ट्रॉनिक कार्डं करणार. आमची टीम महिनाअखेरीस घरी. रडू नाही आलं, संताप आला. तडक सरांच्या केबिनमध्ये — "आता कुणापासून लपवताय?"

सर म्हणाले, "मेल टाक. परवानगी देतो."

२० ऑगस्ट
कोड पाठवला. कर्नलवाल्यांपैकी एकाचं उत्तर — असा चालणार नाही, निम्मा पुन्हा लिहा. उद्धट मेला! पण बरोबर बोलतोय. बसले लिहायला.

७ ऑक्टोबर
घेतला! कर्नलमध्ये घेतला!! नोकरी नाही, पण पेढे आणले.

१८ जानेवारी
धायरीहून फोन. पुन्हा बंद? उचलला तर मामा स्वतः — "पायल, काल अपडेट झालं. पट्टी चालू आहे. रविवारी ये. काम काही नाही, नुसती ये."

येते म्हटलं. मामीने तेच टाइप केल्याचा आवाज आला. मग मामा हसला.